गाडीच्या पुढच्या अलॉय रिमवर चार दिवसांत काळी पूड, आणि ॲसिडनं पडलेले पांढरे डाग: रिम स्वच्छ ठेवायची नीट पद्धत हवी

मांजराकाठ, लातूर

राम राम मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०२२ची, ३८ हजार किमी. पुढे डिस्क, मागे ड्रम. १५ इंची मशीन-कट अलॉय (ॲल्युमिनियमच्या रिम), म्हणजे आऱ्यांचा समोरचा भाग लेथवर कापून चकचकीत ठेवलेला आणि खाचांत काळा रंग. रोज शहरातल्या शहरात, आठवड्यातून एकदा अंबाजोगाई, पावसाळ्यात शेताच्या वाटेनं.

पुढच्या दोन्ही रिमवर चार दिवसांत काळपट-तांबूस पूड बसायलीय. मागच्या चाकांवर नुसती धूळ असते, ती पाण्यानं जाते. पुढची जात नाही. डावीकडं उजवीपेक्षा बरीच जास्त. वॉशिंग सेंटरवर बिनलेबलच्या कॅनमधून पाण्यासारखं काहीतरी मारतात, दोन मिनिटांत रिम लख्ख होते, पण चार वेळा तसं केल्यावर नटांभोवती आणि आऱ्यांच्या कडेला दुधाळ डाग दिसायलेत.

घरी धुवायचं तर पाणी बोअरचं, जड. एप्रिलनंतर टँकर. चारही चाकांना मिळून एक बादली, त्यापेक्षा जास्त नाही. एवढ्यात बसेल अशी पद्धत सांगा. पांढरे डाग जातील का तेही सांगा.


रिमराखण, छत्रपती संभाजीनगर

भाऊ, आधी ते कॅनमधलं बंद करा, आजपासून. अशा बिनलेबलच्या कॅनमध्ये बहुतेक वेळा पातळ केलेलं ॲसिड असतं. कुठे संडास-फरशीचं हायड्रोक्लोरिक, कुठे त्याहून वाईट, फ्लोराइड असलेलं ‘ब्राइटनर’. पहिलं ॲल्युमिनियम खातं. दुसरं मारणाऱ्या पोराच्या हातालाही खातं, आणि फ्लोराइडचं भाजणं सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळत नाही. उघड्या हातानं ते फवारणारं पोरगं दिसलं तर त्याला हातमोजे घालायला सांगा, रिमचं नंतर बघू.

मशीन-कट रिमला ॲसिड जास्त का लागतं? कापलेल्या चकचकीत भागावर रंग नसतो. उघडं ॲल्युमिनियम आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर, एवढंच. खडी लागून या लॅकरला टाचणीएवढा टवका उडाला की ॲसिड तिथून आत शिरतं आणि लॅकरच्या खालून पसरत जातं. नटांभोवती आणि कडांना डाग आधी येतात, कारण पान्याचे आणि खडीचे घाव तिथंच असतात.

डाग जातील का, हे घरी ताडून बघता येतं. डागावर बोटानं थोडं पाणी लावा. ओला असताना डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर तो बहुधा वरवरचा आहे: क्षार तरी किंवा लॅकरचा वरचा पापुद्रा निस्तेज झालेला. त्याला इलाज आहे. ओला असतानाही पांढरा दिसला, शिवाय त्याला गांडुळासारख्या बारीक रेघा फुटलेल्या असल्या, तर तो लॅकरखालचा गंज. त्यावर कितीही पॉलिश घासलं तरी उपयोग नाही. रिम लेथवर पुन्हा कापून नवं लॅकर मारावं लागतं, आणि दर वेळी धातू कमी होत असल्यानं हे हवं तितक्यांदा करता येत नाही.

आता पुडीबद्दल. ही साधी धूळ नव्हे. ब्रेक दाबला की पॅड झिजतो तशी बिडाची डिस्कही झिजते, म्हणून या भुग्यात लोखंड भरपूर असतं. कण गरम असतानाच उडतात आणि रिमवर बसतात. मग दव, पाऊस किंवा अर्धवट धुणं यांतला ओलावा मिळाला की गंजतात. गंजलेला कण फुगतो आणि लॅकरला धरून बसतो. काळी पूड तांबूस दिसायला लागली की समजायचं, गंज सुरू झाला. ताजी काळी पूड शॅम्पूनं निघते. तांबूस झालेली नुसत्या शॅम्पूनं निघत नाही, आणि तिथंच माणूस ॲसिडकडं वळतो.

म्हणून आठवड्यातून एकदा, फार तर दहा दिवसांनी, हलकं धुणं. तुमच्या पाण्याच्या हिशेबात बसवून सांगतो. दोन लिटरचा हातानं दाब भरायचा फवारा घ्या, झाडांना मारतात तो. शेतातला तणनाशकाचा पंप यासाठी अजिबात वापरू नका. त्यात उरलेलं औषध अंगावर उडेल आणि रंगालाही लागेल. फवाऱ्यानं एका चाकाला साधारण ४०० मिली पाणी मारून पाच मिनिटं तसंच मुरू द्या. छोट्या बादलीत पाच लिटर पाणी, त्यात कार शॅम्पू, प्रमाण बाटलीवर दिलंय तेच. मऊ केसांच्या ब्रशनं वरून खाली. आधी आऱ्यांच्या मधल्या भिंती, मग नटांचे खड्डे, सगळ्यात शेवटी समोरचा चकचकीत भाग, तोही ब्रशनं नको, फडक्यानं. मग चाकामागे ७५० मिली फवाऱ्यानं धुवून टाका. चार चाकांचं मिळून ९.६ लिटर होतं. मागची चाकं आधी, पुढची नंतर, म्हणजे बादलीतलं पाणी शेवटपर्यंत बऱ्यापैकी राहतं.

ब्रशसाठी वेगळा खर्च नको असेल तर रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश चालतो. फक्त केस धरणाऱ्या पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या, नाहीतर तोच पत्रा आऱ्यावर ओरखडा काढतो. चाकाचं फडकं वेगळं ठेवा आणि त्याला गाठ मारून ठेवा, चुकून बॉनेटवर जायला नको. त्या फडक्यात लोखंडाचे कण अडकलेले असतात, रंगावर जाळं पडेल.

वेळ सकाळी आठच्या आत. गाडी चालवून आणल्यावर किमान तासभर थांबा. हाताची उलटी बाजू रिमवर टेकवून बघा, गरम लागली तर थांबा. गरम रिमवर शॅम्पू वाळतो आणि त्याचेच डाग पडतात, आणि तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडणंही बरं नाही.

तांबूस चिकटलेल्या पुडीसाठी ‘आयर्न रिमूव्हर’ मिळतो. बाटलीवर पीएच न्यूट्रल (ना ॲसिड, ना त्याच्या उलट) लिहिलेलं आणि घटकांत थायोग्लायकोलेट असलेलं घ्या. चाक आधी शॅम्पूनं धुवा, पाणी निथळू द्या, मग एका चाकाला ४० मिलीच्या आसपास मारा. मिनिटभरात जांभळे ओघळ येतात. ती लोखंडासोबतची प्रक्रिया. तीन ते पाच मिनिटं थांबून ब्रश फिरवा आणि भरपूर धुवा. वाळू मात्र द्यायचं नाही, वाळलं तर त्याचेच डाग बसतात. वास कुजलेल्या अंड्यासारखा येतो म्हणून उघड्यावर, सावलीत करा, हातात नायट्राइलचे मोजे. ५०० मिलीच्या बाटलीत चार चाकं तीनदा होतात. तीन महिन्यांतून एकदा पुरे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हे कधीही ॲसिडसोबत किंवा ब्लीचिंगसोबत मिसळायचं नाही. रिमवर आदल्या धुण्याचं ॲसिड राहिलं असेल अशी शंका असली तरी आधी पाण्यानं पूर्ण धुवून घ्या.


चावीपाना, वाळूज

वरचं सगळं बरोबर आहे. पण मला तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं: ‘डावीकडं उजवीपेक्षा बरीच जास्त’. पुढच्या दोन चाकांवर पूड साधारण सारखी बसायला हवी. एकाच बाजूला जास्त म्हणजे त्या बाजूचा पॅड डिस्कला घासत राहतोय. हा धुण्याचा प्रश्न नाही, ब्रेकचा आहे, आणि तो आधी बघा.

तपासायचं असं. दहा किमी गाडी चालवा, शेवटचे दोन किमी ब्रेक कमीत कमी वापरत. थांबल्या-थांबल्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं दोन्ही पुढच्या डिस्कचं तापमान बघा, दोन्हीकडं त्याच जागी नेम धरून. चकचकीत धातूवर हे यंत्र खरा आकडा दाखवत नाही, पण डाव्या-उजव्यातला फरक कळायला पुरतं. तीस-चाळीस अंशांचा फरक असेल तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडायला लागणार. थर्मामीटर नसेल तर डिस्कला हात लावून बघू नका, पोळेल. गाडी गार झाल्यावर सपाट जागी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचं एकेक चाक जॅकवर उचला. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चाक हातानं फिरवा. हलकी घासण चालते. दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर पॅड सुटत नाहीयेत.

तुमच्या गाडीसारख्या हॅचबॅकला बहुतेक फ्लोटिंग कॅलिपर असतो. एका बाजूला एक पिस्टन, आणि अख्खा कॅलिपर दोन स्लायडिंग पिनांवर सरकतो. आपल्याकडची बारीक माती पिनेवरच्या रबरी बुटाच्या (टोपणाच्या) चिरेतून आत गेली की पिनेवरचं ग्रीस घट्ट खळीसारखं होतं. मग कॅलिपर दाबताना सरकतो, पण परत येत नाही. पॅड काढून मोजा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दोन मिमीपेक्षा जास्त झिजलेला असेल तर पिन किंवा पिस्टन यांपैकी एक अडकतंय.

पिन काढून ब्रेक क्लीनरनं साफ करा, भोकही साफ करा. ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठीच असलेलं सिंथेटिक. बेअरिंगचं लाल-पिवळं ग्रीस भरू नका, त्यानं रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. नुसता पातळ लेप पुरे. बोटभर ग्रीस भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन स्वतःच बाहेर ढकलली जाते. बूट चिरलेला असेल तर तो बदलल्याशिवाय ही सगळी मेहनत वाया आहे. पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांत सरकतात तिथला गंजही तारेच्या ब्रशनं काढा. पुष्कळ ठिकाणी पिन साफ करतात आणि हे राहून जातं.

पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर ठेवा, पातळी वर येते. सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतं. सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पायडल कडक लागेपर्यंत पाच-सात वेळा दाबा. हे विसरलं तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. पूर्वी हातानं ब्रेक उघडलेला नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या, पण त्याच्या शेजारी उभं राहून पिन आणि क्लिपा दोन्ही बघा.

मागच्या चाकांवर पूड नाही याचं कारण साधं आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. मागं ड्रम आहे, त्याचा भुगा आतच राहतो. ड्रम उघडाल तेव्हा तो भुगा हवेच्या पाइपनं उडवू नका. ब्रेक क्लीनरनं ओला करून फडक्यानं पुसा. तो फुप्फुसात जाऊ द्यायचा नाही.


पोलादपेठ, जालना

एक पुरवणी. तांबूस ठिपके फक्त चाकांवर आहेत की टपावर आणि मागच्या दारावरही आहेत, ते बघा. आमच्याकडं औद्योगिक वसाहतीत सळयांच्या रोलिंग मिल आहेत, त्यांच्या आसपास रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या अख्ख्या अंगावर लोखंडाचे बारीक कण बसतात आणि पहिल्या पावसात तांबूस ठिपके उठतात. पांढऱ्या गाडीवर तर हे लगेच दिसतं. लोक त्याला ब्रेकची पूड समजून पॅड बदलतात.

टपावरही ठिपके असतील तर कारण बाहेरचं आहे. औषध तेच, आयर्न रिमूव्हर, पण सावलीत आणि एका वेळी एकच पॅनेल. नखाला खरखरीत लागणारे कण त्यानंतरही उरले तर क्ले बार (रंगावरचे कण उचलणारा मऊ गोळा), भरपूर ओलाव्यावर हलक्या हातानं. ज्या क्लेनं चाक घासलं तो तुकडा परत रंगाला लावायचा नाही.

आणि डांबराचे काळे ठिपके याच्यात धरू नका. रस्त्याचं काम चालू असलं की ते रिमच्या खालच्या ओठावर बसतात. आयर्न रिमूव्हर त्यांना काही करत नाही. फडक्यावर थोडं टार रिमूव्हर किंवा रॉकेल घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट दाबून धरा, पुसा, मग शॅम्पूनं तेलकटपणा काढा. रॉकेल डिस्कवर किंवा पॅडवर अजिबात जाऊ द्यायचं नाही. पॅडनं तेल प्यायलं की तो फेकावाच लागतो.


सिंदफणा, बीड

माहितगारांना विचारायचं होतं. घरात तांब्याची भांडी चिंचेनं निघतात, पितळेचीही. तसं चिंच किंवा लिंबू-मीठ रिमला चालेल का? आणि कपड्याची पावडर?


रिमराखण

ताई/दादा, तांब्याची गोष्ट वेगळी आहे. तांब्यावरचा काळा थर चिंचेतल्या आम्लात विरघळतो आणि खालचा धातू उघडाच वापरायचा असतो. रिमवर लॅकर आहे आणि ते आपल्याला टिकवायचंय. लिंबानं लोखंडाचा गंज थोडा सुटतो, हे खरं, पण चोळलेल्या मिठानं ओरखडे पडतात आणि टवक्यातून आत गेलेलं मीठ ॲल्युमिनियमला कुजवतं. मीठ तर कधीच नको.

कपड्याची पावडर आणि धुण्याचा सोडा दोन्ही अल्कधर्मी, म्हणजे ॲसिडच्या उलट. पण ॲसिडइतकंच तेही ॲल्युमिनियमला खातं. भांड्याचा लिक्विड साबण अधूनमधून चालेल, पण रिमवर संरक्षणाला लावलेलं वॅक्स किंवा सीलंट तो काढून टाकतो, म्हणून नेहमीसाठी नको. तारेची घासणी, हिरवी खरखरीत घासणी, टूथपेस्ट, यांतलं काहीही मशीन-कट रिमला लावू नका.


काळंरान, परभणी

पाण्याबद्दल आणि मातीबद्दल लिहितो. आपल्या भागात निम्मे डाग ब्रेकचे नसतात, या दोन गोष्टींचे असतात.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) एकदा मोजून घ्या, पेनासारखं मीटर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. एक हजार टीडीएसचं एक लिटर पाणी आटलं की मागे एक ग्रॅम क्षार उरतात. रिमवर २० मिली पाणी वाळायला सोडलं तर २० मिलिग्रॅम पांढरी पूड तिथंच बसली. दहा धुण्यांत त्याचा थर होतो, आणि त्या खरखरीत थरावर ब्रेकची पूड आणखी घट्ट बसते. म्हणून धुतल्यावर गाडी उन्हात ‘वाळू’ द्यायची सवय सोडा. फडक्यानं टिपून घ्या, नटांच्या खड्ड्यांतलंही.

शेवटचा हात मऊ पाण्याचा मारता आला तर फार फरक पडतो. विकत आणायची गरज नाही. एसीच्या नळीतून गळणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळपास नसतात. जाड कापडातून गाळून कॅनमध्ये साठवा. दमट दिवसांत रात्रभर एसी चालला तर चार चाकांच्या शेवटच्या हाताला पुरेल एवढं सहज जमतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कमी गळतं, म्हणून पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरून ठेवा, पहिल्या दोन सरींचं सोडून.

एक चूक बऱ्याच घरांत होते. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं आणि त्यानं गाडी धुवायची. पाणी वाचवायचा हेतू चांगला आहे, लातूरसारख्या शहरात तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं कुणी पाणी फेकू नये. पण त्या पाण्यात मूळ बोअरपेक्षा जास्त क्षार असतात, गाळून काढलेले सगळे त्यातच. ते चाकाची माती भिजवायला वापरा, टायरला वापरा. शेवटच्या हाताला नको.

बसलेल्या क्षारांच्या डागांना: एक भाग पांढरा व्हिनेगर, एक भाग मऊ पाणी, फडकं भिजवून डागावर एक मिनिट, लगेच धुवा. मिनिटापेक्षा जास्त नाही, आणि लॅकर उडालेल्या जागी अजिबात नाही. निघाला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकाच दिवशी तीनदा नको.

आता काळी माती. ही भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसून दगड होते. शेतातून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला तिचे थापे बसतात. बाहेरून रिम स्वच्छ दिसते, आणि हायवेला ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक अलाइनमेंट करून घेतात, आणि प्रत्यक्षात आत एका बाजूला पाव किलो माती असते. वाळलेला थापा स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटू नका. ओलं गोणपाट आऱ्यांमधून आत घालून वीस मिनिटं थापा झाकून ठेवा, मग बांबूच्या कामटीनं सोडवा. लोण्यासारखा निघतो. आत चिकटवलेली शिशाची किंवा पोलादाची बॅलन्सिंगची वजनं असतात, ती माती समजून उचकटू नका. त्यांच्या जागेवर खडूनं खूण करून ठेवली तर पडलेलं लगेच कळतं. प्रेशर वॉशर वापरत असाल तर नळी एक फूट लांब धरा, आणि एबीएसच्या वायरवर किंवा पिनांच्या रबरी बुटांवर रोखून मारू नका. चावीपाना यांनी सांगितलेली चीर कधीकधी तिथूनच सुरू होते.


मांजराकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं कुणी सांगत नाही. करून बघितलं ते असं: दहा किमीनंतर डावी डिस्क १३५, उजवी ८०. उघडल्यावर डावीकडची खालची पिन हातानं हलेना, बूट चिरलेला. आतला पॅड ४ मिमी, बाहेरचा ७. बूट-पिन बदलायला सांगितलंय. ओल्या बोटाच्या परीक्षेत नटांभोवतीचे डाग दिसेनासे होतात, पण एका आऱ्याच्या कडेचा ओला असतानाही पांढराच.

आता पॅड बदलायचेच आहेत तर सिरॅमिक घ्यावेत का? पूड कमी पडते म्हणतात. आणि रिमवर संरक्षण म्हणून काय लावावं? बाजारात रिम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) यांच्यामध्ये बसवायच्या पत्र्याच्या चकत्याही दिसल्या, त्यानं पूड अडते म्हणे.


चावीपाना

चकत्या बसवू नका. पूड अडते तशी हवाही अडते. डिस्क गार व्हायला हवा लागते. मेच्या उन्हात भरल्या गाडीनं कन्नडचा औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरताना ब्रेक तापून पकड गेली तर स्वच्छ रिमचा काय उपयोग.

पॅड एका बाजूचे कधीच बदलायचे नाहीत, पुढचे चारही एकदम. तुमच्या मॉडेलसाठी नामांकित कंपनीचा सिरॅमिक मिळत असेल तर जरूर घ्या. पूड कमी पडते आणि फिकट रंगाची असते, त्यामुळे डोळ्यांत भरत नाही. पूर्ण थांबते असं मात्र नाही, डिस्क झिजणारच. किंमत जास्त आणि गार असताना पहिला दाब थोडा मऊ वाटू शकतो. तुमच्या मॉडेलला चांगला सिरॅमिक नसेल तर कंपनीचा मूळ पॅड घाला. स्वस्तातला बिननावाचा पॅड पूडही जास्त सोडतो आणि डिस्कही खातो.

नवीन पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा आणा, पूर्ण न थांबता, प्रत्येक वेळेत अर्धा मिनिट अंतर ठेवून. नंतर पाच-दहा मिनिटं ब्रेक न वापरता चालवून डिस्क गार करा. पॅडच्या डब्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. हे केलं नाही तर पॅडचा थर डिस्कवर सारखा बसत नाही आणि ब्रेक दाबताना पायडल थरथरतं.

आणि चालवण्याची पद्धत. गतिरोधक दिसला की पन्नास मीटर आधी ॲक्सिलरेटर सोडा, गिअर खाली घ्या. घाटात ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा. पायडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर सगळ्यात जास्त पूड तीच पाडते.


रिमराखण

४ आणि ७ म्हणजे तुमच्या काळ्या डाव्या चाकाचं उत्तर मिळालं. मनापासून बरं वाटलं, वेळेत सापडलं.

नटांभोवतीचे डाग काळंरान यांच्या व्हिनेगरनं आधी बघा. राहिले तर बारीक दाण्याचं कार पॉलिश, मायक्रोफायबरवर मटारएवढं, हातानं, एका जागी दहा-बारा फेऱ्या. मशीन लावू नका, लॅकर पातळ आहे. आऱ्याच्या कडेचा जो ओला असतानाही पांढरा राहतो, त्याला हात लावू नका. फक्त तो पसरू नये म्हणून टवक्याची जागा स्पिरिटनं पुसून, पूर्ण वाळवून, टचअपच्या क्लिअर लॅकरचा एक थेंब बारीक ब्रशनं ठेवा. डाग जाणार नाही, पण आत पाणी जायचं थांबेल. पुढे कधी चारही रिम कापून घ्याल तेव्हा तो निघेल.

संरक्षणाला कारनौबा वॅक्स चाकांवर फार टिकत नाही, ते ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना वितळतं. सिंथेटिक सीलंट घ्या किंवा चाकांसाठीचं सिरॅमिक कोटिंग. लावण्याआधीची तयारी हेच खरं काम आहे. शॅम्पू, आयर्न रिमूव्हर, डांबर, क्षार, या क्रमानं सगळं काढायचं, पूर्ण वाळवायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून पुसायचं. पूड राहिलेल्या रिमवर सीलंट लावलं तर पूडच सील होते. सावलीत, रिम गार असताना, अगदी पातळ हात. दिसेल इतका जाड थर म्हणजे वाया. बाटलीवर सांगितलेल्या वेळेनं पुसून काढा आणि रात्रभर पाणी लागू देऊ नका. सीलंट असेल तर दोन महिन्यांनी पुन्हा हात द्या. पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळायचे थांबले की वेळ झाली.

वॉशिंगवर टायरला जे तेलकट काळं पॉलिश मारतात ते नको म्हणा. चाक फिरलं की ते उडून रिमवर येतं, आणि त्यावर पूड चिखलासारखी बसते. लावायचंच असेल तर पाण्याच्या बेसचं, फडक्यानं, आणि दहा मिनिटांनी कोरडं पुसून.

धुतल्यावर हँडब्रेक ओढून गाडी तशीच दोन दिवस उभी करू नका. शंभर-दोनशे मीटर हळू चालवत चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबा, डिस्क आणि ड्रम वाळतात. सकाळी डिस्कवर पातळ तांबूस थर दिसला तर घाबरू नका. बिडाला पाणी लागलं की तो येणारच, पहिल्या दोन-तीन ब्रेकमध्ये निघून जातो. मात्र तो पुसायला डिस्कवर वॅक्स, सीलंट, स्प्रे ऑइल यांतलं काहीही मारू नका.


मांजराकाठ

शेवटचं विचारतो. रिमच्या आतल्या बाजूला सीलंट लावायचं तर चाक काढावं लागणार. ते कधी करावं?


काळंरान

दहा हजार किमीला टायरची अदलाबदल करतातच, तेव्हा. तुमची पुढची ४० हजारांवर येईल, म्हणजे जवळच. आदल्या दिवशी बाहेरची बाजू घरी करून ठेवा. टायरवाल्याकडं चाकं खाली असताना आतली बाजू धुवून, वाळवून सीलंटचा हात द्या, एका चाकाला पंधरा मिनिटं लागतात. त्याला सांगा की वजनं आत चिकटवायचीच लाव, ओठावर ठोकायची नको, ती लॅकर फोडतात. सीलंट लावायच्या आधी वजनं चिकटवून घ्या, नंतर त्यावर चिकटत नाहीत. हबला टेकणारा सपाट भाग आणि नटांच्या बैठका कोरड्या ठेवा, तिथं सीलंट, ग्रीस, काहीही नको. नट हातानं चढवून, चाक जमिनीला टेकल्यावर समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानंच घट्ट करणारा पाना), आकडा गाडीच्या पुस्तिकेतला. एअर गननं थेट घट्ट करू देऊ नका. ती नटांभोवतीचं लॅकर उडवते, आणि तुमचे डाग तिथूनच सुरू झालेत. पन्नास-शंभर किमी झाल्यावर, म्हणजे अंबाजोगाईची एक फेरी करून आल्यावर, रिम गार असताना नट पुन्हा एकदा त्याच आकड्यावर तपासा.